डबल केबिन घ्यायची की फोर बाय फोर? आधी चिखलाचे दिवस मोजा

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर माझा मावसभाऊ दुकानात येऊन बसला. गडहिंग्लजला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, पाटे, क्रॉस, क्लच प्लेट, हब बेरिंग असलं सगळं, त्यामुळे लोक गाडी घ्यायच्या आधी पण येतात आणि गाडी मोडल्यावर पण येतात. दादा चंदगड भागातला, रताळी आणि काजू करतो. चहा येईपर्यंत गप्प बसला, मग म्हणाला, "पैसं एवढंच हाईत. ह्यात एक तर मागची सीट येती, न्हाईतर पुढची चाकं फिरत्यात. दोन्ही बसंना. काय घिऊ सांग."

पिकप घेणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच घोळ असतो, मागच्या सीटची डबल केबिन घ्यायची की चारी चाकांनी ओढणारी फोर बाय फोर, पण त्यांना तो असा दोन वाक्यात सांगता येत नाही. शोरूममध्ये तर कुणी नीट बोलतच नाही. दादाला एका ठिकाणी सेल्सवाल्याने सांगितलेलं की तुमच्याकडे आंबोली घाट आहे ना मग फोर बाय फोरच घ्या. आता हे ऐकून मी कपाळाला हात लावला, का लावला ते पुढे सांगतो.

आधी केबिनचं बघू. सिंगल केबिन म्हणजे ड्रायव्हर आणि शेजारी एक किंवा दोन जण, मागे सगळा हौदा, म्हणजे माल भरायची जागा. डबल केबिन म्हणजे चार दरवाजे, पाच माणसं, आणि हौदा आखूड. गाडीची लांबी काही रबरासारखी ताणता येत नाही, त्यामुळे सीटची जागा हौद्यातूनच कापली जाते. बोलेरोचं घेऊ कारण आपल्याकडे रस्त्यावर तीच जास्त दिसते. बोलेरो पिकपचं जे १.७ टनाचं एक्स्ट्रा लाँग मॉडेल आहे त्याचा हौदा ९ फूट, आणि बोलेरो कॅम्पर म्हणजे डबल केबिन, तिचा हौदा जेमतेम ५ फूट आणि पासिंग, म्हणजे कायद्याने भरता येणारं वजन, १ टनाच्या आसपास. हे ऐकायला चार फुटांचा फरक वाटतो पण माल लावायला गेलं की कळतं. भाजीचं नेहमीचं प्लास्टिक कॅरेट असतं ना, पावणेदोन फूट बाय सव्वा फुटाच्या आसपास, ते आम्ही पट्टी घेऊन मांडून बघितलं, ९ फुटी हौद्यात एका थराला २१ बसतात आणि कॅम्परमध्ये अगदी घासून १२. म्हणजे जवळजवळ निम्मं. मार्केटला रोज माल नेणाऱ्याला हा हिशोब आयुष्यभर नडतो, कारण फाळका पाडून बाहेर लोंबकळत किती माल न्यायचा त्याला पण मर्यादा आहे.

दुसरं वजन. गाडीच्या आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की जे उरतं त्यात माल, माणसं, डिझेलचा जादा कॅन, वरचं कॅरिअर, स्टेपनीशेजारी ठेवलेला जॅक आणि दादाच्या बायकोने बेळगावात घेतलेलं सामान, सगळं आलं. लोक माणसांचं वजन धरतच नाहीत. पाच धडधाकट माणसं म्हणजे साडेतीनशे किलो झालं की. आणि फोर बाय फोर घेतली तरी हाच खड्डा पडतो, पुढचा डिफ्रन्शियल, ट्रान्सफर केस, पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे पुढची चाकं फिरवणारं सगळं लोखंड आहे, हवा नाही, त्याचं वजन गाडीच्या स्वतःच्या वजनात जातं. कंपनीने भरलेल्या वजनाचा आकडा वाढवला नसेल तर तेवढा माल कमी. म्हणजे गंमत बघा, मागची सीट घ्या नाहीतर पुढची चाकं फिरवा, दोन्हीची किंमत शेवटी हौद्यातनंच वसूल होते. आणि जास्त भरून नेऊ म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. पकडलं तर एका फेरीत सीझनचा नफा जातो.

मग सिंगल केबिनच घ्यावी की, माणसं हौद्यात बसतील, असं दादा म्हणालाच. आपल्याकडे सगळेच असं करतात, लावणीच्या वेळी हौद्यात पंधरा बाया उभ्या असतात, लग्नाचं वऱ्हाड पण तसंच जातं. पण हा भाग नीट वाचा कारण गाडीची किंमत इथे किरकोळ ठरते. माल वाहतुकीच्या गाडीच्या सक्तीच्या विम्यात १९९४ ला एक दुरुस्ती झाली, तेव्हापासून त्यात मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस धरला जातो. पण असाच लिफ्ट घेऊन बसलेला माणूस त्यात येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये आशा राणी नावाच्या केसमध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे चार ओळखीचे लोक सहज हौद्यात चढले आणि गाडी उलटली तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. स्वतःच्या कामावरच्या मजुरांचा कायदा थोडा वेगळा चालतो, पण तिथे पण सीटपेक्षा जास्त माणसं कोंबली की वकिलाची फी सुरू झालीच. त्यामुळे रोज तीन-चार माणसं न्यायची असतील तर मागची सीट ही चैन नाही. आठवड्यातून एकदा न्यायची असतील तर मात्र त्यांना वडापच्या जीपचं भाडं देणं कितीतरी स्वस्त पडतं, ह्याचा विचार कुणी करत नाही.

आता फोर बाय फोर. ह्याबद्दल आपल्याकडे जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कुठल्याच पार्टबद्दल नसेल.

साधी पिकप मागच्या दोन चाकांवर चालते. इंजिनची ताकद प्रोपेलर शाफ्टने मागे जाते, तिथे डिफ्रन्शियल ती दोन चाकांत वाटतो. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस, तो ताकद पुढच्या शाफ्टला पण देतो. कामाच्या पिकपमध्ये ही सिस्टिम बहुतेक पार्ट टाईम असते, म्हणजे एरवी गाडी मागच्याच चाकांवर पळते आणि तुम्ही लिव्हर नाहीतर बटण टाकलं की पुढची चाकं जोडली जातात. जोडली म्हणजे अगदी पक्की जोडली, पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार, त्यात कमीजास्त नाही.

आणि इथेच तो घाटाचा मुद्दा. गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मोठ्या गोलातून जातात आणि मागची लहान गोलातून, ओल्या मातीवर गाडी फिरवून मागे वळून बघा, चार वेगळे चाकोरे दिसतील. म्हणजे वळणावर पुढच्या चाकांना जास्त फिरायचं असतं, पण ट्रान्सफर केसने दोघांना बांधून ठेवलंय. चिखलात चाक थोडं घसरतं आणि तो फरक तिथेच जिरतो. डांबरावर चाक घसरत नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो. स्टेअरिंग जड लागतं, गाडी वळताना धक्के देते, लिव्हर परत टू व्हीलला येत नाही, आणि तसंच दामटलं की माझ्या दुकानात क्रॉस, म्हणजे शाफ्टचा सांधा, नाहीतर ट्रान्सफर केसच्या चेनचं गिऱ्हाईक तयार होतं. आंबोली घाट म्हणजे अखंड वळणं आणि डांबर. तिथे पार्ट टाईम फोर बाय फोर टाकणं म्हणजे गाडीचा पीळ काढायच्या ऐवजी पीळ घालणं झालं. पावसात रस्ता ओला असला तरी डांबर ते डांबर.

आणि ब्रेक? ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना असतात. फोर बाय फोर असली म्हणून उतारावर गाडी लवकर थांबत नाही. उलट चढताना गाडी भारी चढली म्हणून उतरताना पण भारीच उतरेल ह्या भरवशावर लोक कठड्याला जाऊन टेकतात.

मग हिचा उपयोग कुठे? एक म्हणजे जिथे मागची दोन चाकं धरत नाहीत तिथे पुढची दोन ओढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसरा उपयोग लोकांना माहीतच नाही, तो म्हणजे लो. ट्रान्सफर केसमध्ये लो टाकलं की गाडीचा वेग साधारण अडीचपट कमी होतो आणि चाकावरची ताकद तेवढीच वाढते. चढाला तर आहेच, पण मला विचाराल तर खरी मजा उताराला आहे. ओल्या तांबड्या मातीच्या उतारावर भरलेली गाडी लोच्या पहिल्या गिअरमध्ये सोडून द्यायची, ब्रेकवर पाय नाही, इंजिनच चारी चाकांना धरून मुंगीच्या पावलाने गाडी खाली आणतं. ब्रेक दाबला असता तर चाक लॉक होऊन गाडी घसरगुंडीसारखी गेली असती. ज्यांचा बागेतला रस्ता असा आहे त्यांनी ह्या एका गोष्टीसाठी फोर बाय फोर घेतली तरी मी काही बोलणार नाही.

पण एक पाचर आहे. साधा डिफ्रन्शियल डाव्या-उजव्या चाकाला सारखीच ताकद देतो, आणि सारखी म्हणजे ज्या चाकाला कमी पकड आहे त्याला झेपेल तेवढीच. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की दुसरं, कोरड्या जागेवरचं, तसंच उभं राहतं. फोर बाय फोरमध्ये हाच प्रकार पुढे एकदा आणि मागे एकदा होतो. म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक खड्ड्यात गेलं की चारी चाकांची गाडी दोन चाकं फिरवत जागेवर उभी, आणि आजूबाजूचे लोक हसतात ते वेगळंच. ह्यावर उपाय म्हणजे डिफ्रन्शियल लॉक, थारच्या काही व्हर्जनमध्ये येतो तसला, तो दोन्ही चाकं बांधून टाकतो. पिकप घेताना फोर बाय फोर आहे का एवढंच विचारू नका, मागे लॉक किंवा लिमिटेड स्लिप, म्हणजे अर्धवट लॉक, आहे का ते पण विचारा. खरं सांगायचं तर मागे लॉक आणि चांगल्या नक्षीचे टायर असलेली टू व्हील गाडी बऱ्याच ठिकाणी गुळगुळीत टायरच्या फोर बाय फोरला मागे टाकते. काळ्या रानात तर टायरची नक्षी दोन मिनिटात मातीने भरते आणि चारी चाकं गुळगुळीत होतात, मग चार फिरवा नाहीतर दोन.

अजून एक गोष्ट पिकपलाच लागू होते. रिकाम्या पिकपचं मागचं अंग हलकं असतं, आणि ढकलणारी चाकं नेमकी मागचीच, म्हणून रिकामी पिकप ओल्या गवतावर पण नाचते. हौद्यात माल पडला की तीच चाकं जमिनीत दात रोवतात. त्यामुळे रिकामी गाडी शेतात जाताना अडकते आणि भरून येताना सुरळीत येते असा उलटा अनुभव येतो. पावसाळ्यात वाळूची दोन-तीन पोती मागच्या एक्सलच्या वर टाकून ठेवायची, फुकटात बरंच काम होतं. फक्त ती पोती पण पासिंगमध्ये मोजली जातात.

फोर बाय फोरचा रोजचा खर्च म्हणाल तर डिझेल थोडं जास्त, दोन जादा ठिकाणचं ऑइल, जादा क्रॉसना ग्रीस, आणि चारी टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवावे लागतात, पुढे नवे मागे टक्कल असं चालत नाही. बऱ्याच गाड्यांत वळायला जागा जास्त लागते आणि हौदा पण उंच होतो. ५० किलोचं पोतं दिवसाला चाळीस वेळा उचलणाऱ्याला विचारा चार इंच म्हणजे काय. आणि महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून गाडी चालवायची, नाहीतर ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी लिव्हर जाम. माझ्याकडे अशी गिऱ्हाईकं दर जूनमध्ये येतात, घेतल्यापासून कधी टाकलीच नव्हती म्हणतात.

मग दादाला मी म्हटलं, कॅलेंडर घे. भिंतीवरचंच काढलं. त्याच्या शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत ७०० मीटरची पाणंद आहे, तांबडी चिकट माती, जून ते सप्टेंबर तिथे चपलासुद्धा राहत नाहीत. म्हणून त्याच्या डोक्यात फोर बाय फोर. म्हटलं ह्या चार महिन्यात तू हौद्यात काय भरून आणतोस? गप्प बसला. रताळ्याचा वेल तर तेव्हा रानात असतो, काढणी नवरात्राच्या उपवासाला सुरू होते आणि पुढे महाशिवरात्रीपर्यंत माल बेळगावला जातो. काजू मार्च ते मे, तेव्हा पाणंदीत धुरळा. म्हणजे जेव्हा चिखल असतो तेव्हा माल नाही आणि माल असतो तेव्हा चिखल नाही, फक्त नवरात्राच्या आसपास परतीचा पाऊस लागला तर दहा-बारा दिवस दोन्ही एकत्र येतात. त्या दहा-बारा दिवसांसाठी वर्षभर जादा लोखंड घेऊन बेळगावला ये-जा करायची का, हा खरा प्रश्न होता. आणि माणसं? ती मात्र जवळजवळ रोजच होती, काढणीला चौघं, काजूला चौघं, मुलांची शाळा, आईचा दवाखाना.

अशाच मापाने मोजलं तर दुसऱ्या कुणाचं उत्तर उलटं येईल. माझा एक गिऱ्हाईक विजेच्या लाईनची कामं घेतो, डोंगरातल्या वाड्यांवर पोल पडले तार तुटली की त्याला जावं लागतं. पोल पडतात कधी? जुलैत, धो धो पावसात. म्हणजे त्याचा चिखल, त्याची माणसं आणि त्याचं सामान तिन्ही एकाच दिवशी. त्याने कॅम्परच घेतली पण फोर बाय फोरवाली, आणि मी एका शब्दाने अडवलं नाही. टाटा योद्धात पण असं क्रू केबिन फोर बाय फोर मिळतं, सिंगल केबिन फोर बाय फोर पण मिळतं. ज्याला माणसं न्यायची नाहीत पण बागेतला माल ओल्या उतारावरून काढायचा आहे, त्याच्यासाठी ती दुसरी. आणि जो रोज डांबरावरून मार्केट यार्डात जातो, त्याला ना सीट पाहिजे ना पुढची चाकं, त्याने लांबात लांब हौदा बघावा आणि गप घरी जावं.

टोयोटाची हायलक्स आणि इसुझूची व्ही-क्रॉस घेणाऱ्यांचं वेगळं आहे. हायलक्स २०२२ ला आपल्याकडे आली ती डबल केबिन आणि फोर बाय फोर अशीच, त्यामुळे निवडायचा प्रश्नच नाही, पण २०४ पीएस ताकदीची ती एवढी मोठी गाडी माल मात्र अर्ध्या टनाच्या आतच नेते. व्ही-क्रॉसमध्ये टू व्हील आणि फोर व्हील दोन्ही मिळतात. ह्या गाड्या पांढऱ्या नंबर प्लेटवर फिरायला घेतात लोक, हौसेला मोल नसतं, तिथे माझा सल्ला चालत नाही. आणि अमेरिकेतले व्हिडिओ बघून तर अजिबात ठरवू नका. तिकडे फोर्डच्या एफ-१५० पिकपमध्ये केबिनचे तीन साईज आहेत, लहान, मधला आणि मोठा, आणि फोर बाय फोर बरेच जण बर्फासाठी घेतात. आपल्या पुतण्याने डेट्रॉईटवरून फोन करून फोर बाय फोरच घे काका सांगितलं तर त्याच्या जागी तो बरोबर असतो, तुमच्या पाणंदीत बर्फ पडत नाही.

एक शेवटचं, जे शोरूममध्ये कुणीच सांगणार नाही. केबिन नंतर बदलता येत नाही. सिंगलची डबल करून देतो म्हणणारे बॉडीवाले भेटतात, पण मग पासिंगला आणि विम्याला तोंड तुम्हालाच द्यावं लागतं. पकड मात्र नंतर वाढवता येते, टायर बदलून, वाळूची पोती टाकून, चिखलात टायरची थोडी हवा काढून आणि डांबरावर आलं की परत भरून, आणि सगळ्यात भारी म्हणजे रस्ताच सुधारून. पाणंद रस्त्यांना शासनाची योजना असते, तुमच्या पाणंदीचा नंबर त्यात लागला आणि मुरूम पडला की फोर बाय फोरची लिव्हर आरशाला लावलेल्या लिंबू-मिरचीएवढीच कामाची राहते. म्हणून माझं मत असं की आधी केबिन ठरवा, मग उरलेल्या पैशात पुढच्या चाकांचं बघा. फक्त ज्याचा माल आणि चिखल एकाच महिन्यात येतो त्याने हा क्रम उलटा करावा.

दादाने टू व्हील कॅम्पर घेतली. माल जास्त असला की दोन फेऱ्या मारतो आणि कुरकुर करतो, पहिल्या वर्षी तर निम्मा सीझन मला शिव्या घालत होता. आतापर्यंत तीन वेळा रुतली, दोनदा जुलैत रिकामी आणि एकदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी वीस पोती घेऊन. तिन्ही वेळा शेजारच्या पाटलांच्या ट्रॅक्टरने काढली. पाटील पैसे घेत नाहीत, दर वेळी एक पोतं रताळी उतरवून घेतात, आणि दादाचं म्हणणं आहे की तिसऱ्या वेळी त्यांनी पोतं स्वतः निवडलं.